वाचकांचे प्रश्न : ट्रेलरचे विजेवर चालणारे जॅक अडतात तेव्हा

प्रश्न : आमच्या फिफ्थ व्हील ट्रेलरच्या (ज्याचा पुढचा भाग ओढणाऱ्या वाहनावरच टेकतो) पुढच्या बाजूला विजेवर खालीवर होणारे लँडिंग गिअरचे, म्हणजे ट्रेलर उभा असताना पुढचा भार पेलणाऱ्या जॅकचे, दोन पाय आहेत. ट्रेलर काही महिने उभा होता. आता बटण दाबले की पाय किंचित हलतात, मोटर कण्हल्यासारखा आवाज करते आणि थांबते. काही मिनिटांनी पुन्हा तेच होते. बॅटरीवर मीटर लावला तर 12.5 व्होल्ट दिसतात, म्हणजे बॅटरी ठीक असावी. मोटर जळाली आहे, असे समजून नवी मागवावी का?

उत्तर : इतक्यात मागवू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून संशय मोटरपेक्षा तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विजेवर अधिक जातो. काही मिनिटांनी मोटर आपोआप पुन्हा सुरू होते, याचा अर्थ बहुधा बॅटरीजवळ बसवलेला स्वयंचलित सर्किट ब्रेकर तापून उघडतो आणि थंड झाला की पुन्हा जोडला जातो. अशा जॅकसाठी हा ब्रेकर साधारणपणे 30 अँपिअरचा असतो. मोटरवर जास्त ताण आला, व्होल्टेज कमी पडल्यामुळे ती अडखळत फिरू लागली किंवा ब्रेकरच्याच टोकांवर गंज चढून तिथे उष्णता निर्माण झाली, तरी तो उघडतो. त्याच्या जागी जास्त अँपिअरचा ब्रेकर मात्र कधीही बसवू नका; तसे केल्यास ब्रेकरऐवजी तार तापेल आणि आग लागण्याचा धोका निर्माण होईल.

बॅटरीवर दिसलेले 12.5 व्होल्ट हे विश्रांतीच्या अवस्थेतले आहेत. पूर्ण भारलेली लेड-ॲसिड बॅटरी काही तास नुसती ठेवल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे तुमचा आकडा वाईट नाही. परंतु जुनी, क्षमता गमावलेली बॅटरीसुद्धा भार नसताना असाच आकडा दाखवते आणि मोटरचा भार पडताच कोसळते. म्हणून खरी चाचणी बटण दाबलेले असतानाच घ्यायला हवी. एकाने बटण दाबावे आणि दुसऱ्याने त्याच वेळी आधी बॅटरीच्या दोन टोकांवर, मग मोटरला जाणाऱ्या दोन तारांवर मीटर धरावा. बॅटरीवरच व्होल्टेज 10.5 च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी भारावी आणि तरीही फरक पडला नाही तर ती बदलावी. बॅटरीवर 12 च्या आसपास आणि मोटरवर 9 किंवा 10 दिसत असतील, तर उरलेले व्होल्ट वाटेतल्या एखाद्या खराब जोडणीत खर्ची पडत आहेत. मोटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचूनही ती फिरत नसेल, तेव्हाच मोटर किंवा तिच्या पुढची यंत्रणा दोषी ठरते. मोटर महाग असते, पण या चाचणीला मीटर आणि मदतीला एक माणूस एवढेच पुरते. म्हणूनच मी तिचा आग्रह धरतो.

खराब जोडणी शोधतानाही मीटरच उपयोगी पडतो. बटण दाबलेले असताना ब्रेकरच्या दोन टोकांवर, प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना, तसेच बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि ट्रेलरची लोखंडी चौकट यांच्यामध्ये मीटर लावून पाहा. निरोगी जोडणीवर जेमतेम काही दशांश व्होल्ट दिसतात. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसला, तर तो जोड उघडून साफ करावा. बराच काळ उभ्या राहिलेल्या ट्रेलरमध्ये मी सर्वप्रथम चौकटीला जोडलेली अर्थिंगची तारच पाहीन, कारण रंग आणि गंज यांच्या थरावर बसलेला बोल्ट वरून घट्ट वाटला तरी वीज नीट वाहू देत नाही. बॅटरी सोडवून तो बोल्ट काढावा, धातू चमकेपर्यंत घासावा, जोडणी पुन्हा घट्ट करावी आणि बाहेरून गंजरोधक लेप द्यावा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. दोन तारांच्या मोटरला दिशा बदलण्यासाठी बटणातूनच धन आणि ऋण यांची अदलाबदल होते, त्यामुळे पाय वर नेताना आणि खाली आणताना मीटरवरचे चिन्ह उलटे होणे स्वाभाविक आहे. पाय एकाच दिशेने चालत असतील, तर मोटर सोडून बटणाचे जळालेले संपर्क तपासावेत.

प्रश्न : मोटर जोरात फिरते, पण एकच पाय उतरतो, दुसरा जागचा हलत नाही. हे कशामुळे?

उत्तर : तुमच्याकडे एका मोटरवर दोन्ही पाय चालत असावेत, मोटरच्या बाजूचा पाय आडव्या दांड्याने दुसऱ्याला फिरवतो. त्या दांड्याच्या जोडावरची पिन किंवा बोल्ट तुटला असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. ताण वाढला की गिअरऐवजी आधी हा स्वस्त भाग तुटावा, अशीच ती रचना असते. म्हणून त्याच मापाची आणि त्याच प्रतीची पिन घाला. अधिक कणखर बोल्ट ठोकल्यास पुढच्या वेळी गिअरचे दात जातील. दांडा फिरत असूनही पाय हलत नसेल, तर बिघाड त्या पायाच्या गिअरमध्ये आहे.

पिन घालण्यापूर्वी ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला जोडलेला ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा आणि पायांवरचे वजन पूर्ण काढा. केवळ या पायांवर उभ्या असलेल्या ट्रेलरखाली कोणीही शिरू नये. चौकटीखाली भक्कम आधार हवेतच. मग दोन्ही पाय सारखेच बाहेर आले आहेत ना, हे टेपने मोजून घ्या, नाहीतर एक पाय आधी टेकेल आणि सगळा भार त्याच्यावर येईल. अडलेल्या पायाचा दांडा वेगळा करून हातानेही फिरवून पाहा. तो जड जात असेल, तर आतला स्क्रू कोरडा पडला आहे किंवा पायच वाकला आहे. अशा स्थितीत नवी पिनही टिकणार नाही.

प्रश्न : वाटेत जॅक बंद पडला तर हाताने चालवता येतो का?

उत्तर : बहुतेक जॅकना हँडल बसवण्याची सोय असते, ती जागा सहसा रबरी टोपणाखाली सापडते. हँडल लावण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवा, कारण हँडल आत असताना कोणी बटण दाबले तर ते वेगाने फिरून हात मोडू शकते. पायाच्या खालच्या नळीला स्प्रिंगची पिन असेल, तर ट्रेलर वाहनावर टेकलेला असतानाच ती नळी जमिनीच्या जवळ सरकवून घ्या. त्यामुळे हँडल कमी फिरवावे लागते, आणि एरवी मोटरलाही कमी वेळ चालावे लागते.