पुण्यात मानसशास्त्र शिकून भावनांवर संशोधन करणारा प्राध्यापक होता येतं का?

येतं, पण घाई असेल तर या वाटेला जाऊ नका. बी.ए.नंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून एम.ए., मग नेट (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), मग पीएच.डी. जेआरएफ (नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांना मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. पुण्यातलं घरभाडं धरूनही निभतं. कायमची जागा कधी निघेल ते देव जाणे, तोवर बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवतात.

मन लावून शिकायचं ते संख्याशास्त्र (मुलं नेमकं तेच टाळतात). कारण या विषयात गाजलेले निष्कर्षही डळमळतात. १९६२ मध्ये शॅक्टर आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अॅड्रेनालिन (धडधड वाढवणारं संप्रेरक) टोचलं. छातीत धडधड एकच, पण सोबतचा माणूस आनंदी की चिडलेला त्यावर आपली भावना ठरते, असं त्यांनी मांडलं. पाठ्यपुस्तकांत हे अजून ठाण मांडून आहे. पण १९७९ मध्ये मास्लाक यांनी, आणि स्वतंत्रपणे मार्शल-झिंबार्डो यांनी, त्याच धर्तीचे प्रयोग केले तेव्हा निकाल जुळले नाहीत. अकारण धडधड लोकांना अप्रियच वाटली, सोबत कुणीही असो.

एम.ए.च्या प्रबंधाला असाच एखादा जुना प्रयोग मराठी माणसांवर करून बघा. इंजेक्शनवाला सोडून!