आधी धाव, मग गाव

प्रिय मित्रा,

तुझी यादी वाचली. सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, त्याच महिन्यात लेहची फुल मॅरेथॉन, महिनाअखेरीस बर्लिनची मॅरेथॉन. वर बर्लिनच्या आधी चार दिवस प्राग आणि म्युनिक. ‘हे सगळं कसं बसवू?’ असं विचारतोस. बसवू नकोस.

धावण्यासाठी देशोदेशी जावं की नाही, यावर आपला वाद नाही. भांडण आहे ते क्रमाचं. आधी लगीन कोंढाण्याचं. आधी धाव, मग गाव.

प्रागचं बघ. नव्या शहरात दिवसभर हिंडलं की वीस हजार पावलं सहज होतात, म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर. तेही दगडी फरशीवर आणि थांबत थांबत, त्यामुळे पोटऱ्या आणखीच भरून येतात. टेपरच्या, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करायच्या आठवड्यात तू रोज एक लाँग रन चोरून घालणार, आणि मग बत्तिसाव्या किलोमीटरला वॉल लागली, म्हणजे अंगातली ताकद एकदम संपली, की एनर्जी जेलच्या नावाने खडे फोडणार! प्राग कुठे पळून जात नाही. ते रविवारच्या शर्यतीनंतर ठेव.

बर्लिनला बुधवारी उतर. उन्हाळी वेळेनुसार ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणून पहिले दोन दिवस पहाटे चारलाच डोळे उघडतील. उघडू देत, शर्यत सकाळचीच आहे. टोकियोला उलट होतं, तिथे लवकर झोपच येत नाही. न्यूयॉर्कला तर साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक पडतो, त्यामुळे तिथे किमान पाच दिवस आधी पोचायला हवं. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, गुरुवारीच घेऊन ये. पासपोर्ट लागतो आणि स्वतः जावं लागतं. बिब मिळतो त्या प्रदर्शनात, म्हणजे एक्स्पोत, दीड तासाच्या वर रेंगाळू नकोस, तिथल्या काँक्रीटवर उभं राहून पाय मोडतात. आणि तिथे नवे बूट घेऊन रविवारी घालणाऱ्याशी मी बोलत नाही. शर्यतीचे बूट साठ-ऐंशी किलोमीटर चाललेले असावेत. ते विमानात पायातच ठेव. चड्डी, बनियन, मोजे, व्हॅसलीन आणि जेल केबिन बॅगेत. जेल द्रवात मोजतात, म्हणून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत जेवढी मावतील तेवढीच. चेक-इन बॅग हरवली तर कपडे मिळतील, तुझ्या पायाला सरावलेले बूट मिळणार नाहीत.

आता खाणं. तुझं वजन साठ किलो. शेवटचे दोन दिवस किलोमागे आठ ते दहा ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दिवसाला पाचशे ते सहाशे ग्रॅम. एका वाटी भातात पंचेचाळीसच्या आसपास. नुसत्या भाताने बारा वाट्या होतील आणि पोट फुटेल. म्हणून गूळ, मध, केळी, उकडलेला बटाटा, फळांचा रस अशी भर घाल. उसळ, कोशिंबीर, चणे या दोन दिवसांत बंद, नाहीतर शर्यतीत शौचालयाच्या रांगेत उभा राहशील. जर्मन पदार्थ चाखायची हौस सोमवारी भागव. इलेक्ट्रिक किटली, तांदूळ आणि मेतकूट घरून ने. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त प्लगचा अडॅप्टर लागतो. (हीच किटली जपानात १०० व्होल्टवर जेमतेम पाचवा हिस्सा ताकद देते. पाणी उकळायला कितीतरी जास्त वेळ लागतो.) नाश्ता शर्यत सुटण्याच्या तीन तास आधी कर, आणि हॉटेलचा तेव्हा मिळेल या भरवशावर राहू नकोस. धावताना तासाला तीस ते साठ ग्रॅम, म्हणजे दर तीस-चाळीस मिनिटांनी एक जेल, पाण्याबरोबर. तहान नसताना प्रत्येक टेबलावर ढसाढसा पाणी प्यायलास तर रक्तातलं सोडियम उतरतं. ते जिवावर बेततं.

रस्त्यावर निळी रेघ असते. मार्ग मोजतात तो त्याच रेघेवरून. वळणांवर गर्दीबरोबर बाहेरून धावलास तर ४२.१९५ चे साडेबेचाळीसच्या वर जातात, आणि मग घड्याळाला दोष देत बसशील.

लेह मात्र यादीतून काढ. बर्लिनच्या दोन-तीन आठवडे आधी साडेतीन हजार मीटर उंचीवर फुल पळून बर्लिनला चांगली वेळ नोंदवता येणार नाही. पुढच्या वर्षी लेहला जाशील तेव्हा आठवडाभर आधी जा, पण गाव बघायला नव्हे, अंगाला उंचीची सवय व्हायला. पहिले दोन दिवस पळायचं नाही. पँगाँग तलाव आणि खारदुंग ला ही खिंड शर्यतीनंतर, कारण ते आणखी उंच आहेत आणि एक रात्र डोकं धरून काढलीस तर सगळं मुसळ केरात. तिथेही नियम तोच: आधी धाव, मग गाव.

सातारा? यवतेश्वरचा घाट चढताना दम काढतो आणि उतरताना मांड्या फोडतो. बर्लिनच्या तोंडावर नको. त्यापेक्षा जानेवारीत मुंबई धर. मध्ये सोळा आठवडे मिळतात, त्यातले तीन विश्रांतीचे.

मला लोक रुक्ष म्हणतात. एवढा खर्च करून जायचं आणि चार दिवस खोलीत पाय वर करून पडायचं, हा कसला प्रवास? म्हणोत. सहा महिन्यांची पहाट घालून मिळवलेली शर्यत फिरण्याच्या नादात हातची गेली की काय वाटतं, ते मी ऐकीव सांगत नाहीये. एवढ्यावर समज.

आणि गाव सुटत नाही. सोमवारी श्प्रे नदीतल्या बोटीत बस, त्यात चालावं लागत नाही. मंगळवारी संग्रहालयं, बाकं असलेली. विजयस्तंभाच्या २८५ पायऱ्या गुरुवारपर्यंत चढू नकोस. चढशील, उतरता येणार नाही. प्राग त्याच्याही नंतर. मांड्या दुखत असताना मेट्रोचा जिना कठडा धरून उलटं उतरलास तरी कुणी हसणार नाही, त्या दिवशी निम्मे प्रवासी तसेच उतरतात.

शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, लांबवू नकोस. परतीचं तिकीट शर्यतीच्या रात्रीचं अजिबात काढू नकोस. पाय सुजलेले असताना लांब विमानप्रवासात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. कडेची सीट माग, आणि दर तासाला उठून चाल.

तुझा,
एक हट्टी धावणारा