कणसाखालचा पंख

प्रश्न : गुजरीत मित्राच्या दुकानात ग्रीक चांदीच्या नाण्याचा फोटो बघितला, जवाच्या कणसाखाली घोड्याचा पंख दिसतोय. नाणं खोटं आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तेवढ्यावरनं खोटं म्हणू नका! कणीस ही दक्षिण इटलीतल्या मेटापोंटम या ग्रीक शहराच्या नाण्यावरची खूण, पंखवाला घोडा ग्रीसमधल्या कॉरिंथ शहराची, मेटापोंटमवाल्यांनी कॉरिंथची काही नाणी घेऊन आपल्या ठशात ठेवली आणि हातोडा मारला, नवी चकती बनवायचं कामच वाचलं. ठोका नीट बसला नाही की जुनं चित्र पूर्ण मरत नाही, आणि मला हेच लय आवडतं, आधीचं नाणं कुठलं ते त्यावरनंच कळतं. आपल्याकडं पण नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३,००० च्या वर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारलाय.