शाळेचा पालक-संपर्क डेटाबेस विकतच्या सॉफ्टवेअरमधून ओपन सोर्सवर न्यायचाय, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की आठेकशे कुटुंबांची माहिती एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधे आहे, दरवर्षीचं रिन्यूअल परवडत नाही, तर ओपन सोर्समधलं, म्हणजे ज्याचा कोड खुला असतो आणि लायसन्सचे पैसे लागत नाहीत असं, कोणतं चांगलं. नाव हवंय तर सिव्हीसीआरएम, लोकांचे संपर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर. आम्ही तेच वापरतो, वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्यात व्यक्ती वेगळी आणि कुटुंब वेगळं ठेवता येतं आणि आई-मूल, भाऊ-बहीण अशी नाती जोडता येतात. पण सॉफ्टवेअर निवडणं हे शेवटचं काम आहे. आधी आजच्या आज कंपनीला मेल टाका की आमचा सगळा डेटा सीएसव्हीत (कुठल्याही सॉफ्टवेअरमधे उघडणारी साधी रकान्यांची फाइल) द्या, नुसती नाव-नंबरची यादी नको, कोणतं मूल कोणत्या पालकाचं हे जोडलेलं हवं. जे उत्तर येईल त्यावरून तो डेटा तुमचा आहे की नाही ते कळेल.

हे मी एवढं का सांगतोय तर मी सांगलीत शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. २०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. गावभाग, मारुती रोड, शामरावनगर सगळं पाण्यात. आमची शाळा उंचावर, तिथे लोक येऊन राहिलेले, आणि आम्हाला फक्त एवढंच हवं होतं की आपली कुठली मुलं त्या भागात राहतात आणि त्यांच्या घरी फोन कुणाला लावायचा. सॉफ्टवेअर उघडलं तर लॉगिन बंद. रिन्यूअलचं बिल संस्थेकडे मंजुरीसाठी पडून होतं. कंपनीच्या माणसाला फोन केला, पूर आलाय सांगितलं, तो म्हणाला पेमेंट एंट्री झाल्याशिवाय सिस्टिम ओपन होत नाही सर. आमच्याच पालकांचे नंबर, आमच्याच ऑफिसने टाइप केलेले.

त्या रात्री कामाला आली ती आमच्या क्लार्क मॅडमची वही. त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने लिहिलेली, त्यात सॉफ्टवेअरमधे रकानाच नसलेल्या गोष्टी होत्या, वडील ट्रकवर असतात रात्री ९ नंतर उचलतात, आईकडे फोन नाही शेजारच्या किराणा दुकानात सांगा, पोरगी मामाकडे राहते मामाचा नंबर हा. त्या वहीवरून आम्ही एकेका घराला फोन लावत बसलो. मला आजही त्या वहीबद्दल जेवढा आदर आहे तेवढा कुठल्याच सॉफ्टवेअरबद्दल नाही, आणि नवीन डेटाबेस बनवताना पहिले रकाने आम्ही त्या वहीतूनच घेतले.

पूर ओसरल्यावर मी संस्थेत विषय काढला तर सेक्रेटरी साहेब म्हणाले फुकटच्या वस्तूची जबाबदारी कोण घेणार, उद्या तुम्ही सोडून गेलात तर कोण बघणार. पैसे देऊन घेतलेल्याची जबाबदारी कुणी घेतली होती हो, त्या आठवड्यात? केरळमधे सरकारी शाळा वर्षानुवर्षं उबुंटूवर (विंडोजच्या जागी चालणारी ओपन सोर्स सिस्टिम) आधारित फ्री सॉफ्टवेअर वापरतायत, 'काइट' ही सरकारी संस्था ते बघते, तिथेही शिक्षक रिटायर होतातच. मी गेलो तरी डेटा मायएसक्यूएल या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या साध्या डेटाबेसमधे पडलेला आहे, कुणीही जाणकार उघडू शकतो, आणि रोजचं सगळं काम क्लार्क मॅडमच करतात, मी नाही. २०२० च्या मार्चमधे शाळा बंद झाल्या तेव्हा या नव्या डेटाबेसमुळे तीन मुलं असलेल्या घरी एकच फोन गेला आणि त्याच फोनवर घरात स्मार्टफोन किती ते विचारून नोंदवलं. जुन्या सॉफ्टवेअरमधे तीन मुलांच्या तीन ओळी आणि तिन्हीत वडिलांचे वेगवेगळे नंबर होते.

आता डेटा हलवताना जिथे लोक अडकतात ते. कंपनीकडून आलेली फाइल डबल क्लिक करून एक्सेलमधे उघडू नका. सरलचा, म्हणजे राज्य सरकारच्या विद्यार्थी नोंदणीचा, स्टुडंट आयडी १९ अंकी असतो आणि एक्सेल १५ अंकांपुढचं सगळं शून्य करतं, म्हणजे नेमका शेवटचा मुलाचा क्रमांकच उडतो आणि एका वर्षीच्या सगळ्या मुलांचा आयडी सारखाच दिसतो. लिब्रेऑफिसमधे उघडा, उघडताना विचारतं तेव्हा युनिकोड यूटीएफ-८ निवडा आणि आयडी, मोबाइल हे कॉलम टेक्स्ट करा. नावं जुन्या नॉन-युनिकोड फाँटात टाइप केलेली असतील तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल, त्याला कन्व्हर्टर आहेत पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. सिव्हीसीआरएममधे एक्स्टर्नल आयडीचा रकाना असतो, त्यात मुलाचा जनरल रजिस्टर नंबर टाका आणि घराला तुमचा स्वतःचा कुटुंब क्रमांक द्या, नाहीतर दुसऱ्यांदा इम्पोर्ट केलं की सगळे डबल. आधी घरं आणि पालक, मग मुलं, मग नाती. दोन नंबरांतला खरा कोणता हे क्लार्कला विचारा, ते ठरवणारं सॉफ्टवेअर अजून आलेलं नाही. एसएमएस पाठवत असाल तर डीएलटीची नोंदणी (संस्थांना एसएमएस पाठवायला करावी लागते ती) आणि मेसेजची मंजूर टेम्प्लेट शाळेच्या नावावर आहेत की कंपनीच्या तेही बघून घ्या.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, सिव्हीसीआरएम म्हणजे शाळेचं सॉफ्टवेअर नाही. फी, हजेरी, दाखले त्यात होत नाहीत, फी-हजेरी हवी असेल तर फ्रॅपे या कंपनीचं एज्युकेशन अ‍ॅप बघा, तेही ओपन सोर्स आहे पण बसवायला जाणकार लागतो. यूडायस प्लस या केंद्र सरकारच्या शाळांच्या पोर्टलची माहिती कशीही वेगळीच भरावी लागणार. होस्टिंगला पैसे लागतात, अपडेट वेळेवर टाकावे लागतात, आणि बॅकअप दुसऱ्या जागी ठेवून तो परत उघडतो का हे बघणारा माणूस शाळेत नसेल तर सध्या आहे तिथेच थांबा, फक्त दर महिन्याला एक्सपोर्ट घेऊन स्वतःकडे ठेवा. आधार नंबर या डेटाबेसमधे आणूच नका, फोन लावायला तो लागत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा विषय आहे, तेव्हा प्रवेश अर्जावरच एक ओळ टाकून सही घ्या.

वेळ म्हणाल तर जूनमधे प्रवेशाच्या गर्दीत नको, ३० सप्टेंबरच्या पटाच्या धावपळीतही नको. दिवाळीच्या सुट्टीत करा, आणि क्लार्कला त्या कामाचे जादा पैसे द्या, संस्थेकडून आधी लेखी मंजूर करून घेऊन.