ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचं आणि बॉडीचं अर्थिंग एकमेकांना जोडायचं की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळ तुमचं हॉटेल आहे, ११ केव्हीवर चालणारा स्वतःचा २५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसतोय. ठेकेदार म्हणतो, न्यूट्रलचे दोन अर्थिंगचे खड्डे आणि बॉडीचे (म्हणजे बाहेरच्या धातूच्या पेटीचे) दोन खड्डे अजिबात जोडायचे नाहीत, नाहीतर न्यूट्रलचा करंट बॉडीवर येईल. दुसरा म्हणतो जोडा. कुणाचं ऐकायचं?

दुसऱ्याचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मी वीस-बावीस वर्षं हीच कामं करतोय आणि हा वाद दर तिसऱ्या साइटवर निघतो.

ठेकेदाराचा गोंधळ कुठे होतो ते सांगतो. नियम म्हणतो की न्यूट्रलला दोन स्वतंत्र जोडण्या दोन वेगळ्या इलेक्ट्रोडपर्यंत (खड्ड्यात गाडलेल्या पाइप किंवा प्लेटपर्यंत) न्या, आणि बॉडीलाही दोन. हे 'स्वतंत्र' एवढ्यासाठी की एक पट्टी सडली तर दुसरी शाबूत राहावी. त्याचा अर्थ लोक 'एकमेकांना शिवायचं नाही' असा लावतात. खड्डे वेगळे खणा, पट्ट्या वेगळ्या आणा, पण जमिनीत सगळे खड्डे एकमेकांना बांधून घ्या.

का, ते आकड्यात बघा. समजा जोडलं नाही. न्यूट्रलच्या खड्ड्याचा रोध २ ओहम, बॉडीचाही २. पॅनेलमध्ये फेज बॉडीला लागली, तर करंटला मातीतूनच परतावं लागतं: २३० भागिले ४, म्हणजे साधारण ५७ अँपिअर. ६३ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) यावर ढिम्म हलणार नाही आणि पॅनेलचा पत्रा ११५ व्होल्टवर तसाच उभा राहील. आता तांब्या-लोखंडाची अखंड वाट न्यूट्रलपर्यंत दिली आणि तिचा रोध एक दशांश ओहम धरला, तर करंट जातो २३०० अँपिअरवर. एमसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. एमसीबी पडतो तो मातीमुळे नाही, या धातूच्या जोडणीमुळे. खड्ड्याचा ओहम कितीही छान आला तरी तिची जागा तो घेऊ शकत नाही.

आपल्याकडे तर ओहम छान येतही नाही. एका हॉटेलात (नाव नको) पाहुण्यांची तक्रार होती की आंघोळीला नळ धरला की हाताला झिणझिण्या येतात. मे महिना होता. त्या खोलीचा गीझर मी उघडून पाहिला, ठणठणीत. नळ आणि बाहेरची माती यांच्यात मीटर धरला तर ५४ व्होल्ट! मग मेन अर्थ वायरवर क्लॅम्प लावला, तीन अँपिअर. शेवटी दोन मजले वरच्या गीझरचं एलिमेंट तडकलेलं सापडलं. इमारतीचं अर्थिंग ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला कुठेच जोडलेलं नव्हतं, जांभ्यातला खड्डा वाळून १८ ओहमवर गेलेला, आरसीसीबी (गळतीचा करंट ओळखून पडणारा स्विच) नाही. तीन गुणिले अठरा, हिशेब जुळला. एका गीझरचं दुखणं जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांतून अख्ख्या हॉटेलाला.

ठेकेदाराच्या भीतीत तथ्य आहे, पण जागा वेगळी. न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी जोडायचे, ट्रान्सफॉर्मरपाशी किंवा मेन पॅनेलमध्ये. मजल्यावरच्या बोर्डात कुणी हौशी वायरमनने तीच जोडणी पुन्हा मारली की लोडचा करंट खरोखरच अर्थच्या वाटेने फिरू लागतो. डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) न्यूट्रलला त्याचं स्वतःचं अर्थिंग द्या आणि चेंजओव्हर स्विच चार पोलचाच, म्हणजे तीन फेजसोबत न्यूट्रलही बदलणारा घ्या. यूपीएसला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल तर तिथे नवा न्यूट्रल जन्माला येतो, त्यालाही अर्थ द्यावा लागतो. हे बहुतेक जण विसरतात. लायटनिंग अरेस्टरची (विजेचा लोट जमिनीत उतरवणाऱ्या उपकरणाची) पट्टी मात्र वेगळी, आखूड आणि सरळ, वळसे न घेता स्वतःच्या खड्ड्यात.

पट्टीचा आकार. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा एलटीकडचा (कमी दाबाच्या बाजूचा) पूर्ण करंट ३३३ अँपिअर, इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा अडथळा) साडेचार टक्के धरला तर फॉल्टचा करंट साधारण ७.४ हजार अँपिअर. एक सेकंदासाठी पोलादाला चौरस मिलिमीटरमागे ८० अँपिअर धरतात, म्हणजे ९३ चौरस मिलिमीटर पुरे. तरी मी २५ × ६ न घेता ५० × ६ची जीआय पट्टी घेतो, कारण खारं वारं. किनाऱ्यालगतच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात वरून हिरवा रंग लावलेली पट्टी मी नुसती ओढली, तर मातीत शिरते तिथेच पापडासारखी मोडली. मोडायची जागा नेहमी हीच, माती आणि हवा भेटते तिथे. म्हणून जमिनीच्या वर-खाली वीतभर डांबर लावा किंवा स्लीव्ह घाला. न्यूट्रलला पैसे असतील तर तांबंच घ्या, पण तांबं आणि जीआय थेट बोल्टने जोडू नका, मध्ये टिनचा मुलामा दिलेला जोड ठेवा. जांभा पाणी धरत नाही, खड्ड्यात भरलेलं कोळसा-मीठ दोन पावसाळ्यांत धुऊन जातं आणि मीठ पाइपही खातं. त्यापेक्षा बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) भरा, आणि खड्डे उताराच्या खालच्या अंगाला, ओल टिकते तिथे घ्या.

खड्ड्याच्या ओहमचं रीडिंग पावसाळ्यात घेतलं तर कुणाचंही उत्तम येतं. एप्रिल-मेमध्ये, कोरड्या दिवशी, तुमच्यासमोर घ्यायला लावा. तेव्हाच एक नजर ट्रान्सफॉर्मरच्या कपाटाच्या दाराकडेही टाका: बिजागरीच्या बाजूने तांब्याची विणलेली लवचिक पट्टी दाराला लावलेली आहे का? बिजागरीवर विसंबलेलं दार मी अनेकदा पाहिलंय, आणि रंगाखालची बिजागरी करंट नेत नाही.