बी. प्लॅन की आधी सिव्हिल?

भावा, तुझा प्रश्न असा की बारावीनंतर थेट बी. प्लॅन (शहर नियोजनाची पदवी) घ्यावं की सिव्हिल करून मग एम. प्लॅन. शिवाय घरचे म्हणतात, प्लॅनिंग म्हणजे महापालिकेत बसून घरांचे नकाशे पास करणं. तेही काम असतंच, पण ते टेबलावरचं. शिकायचं ते वेगळंच.

प्रवेशाचं आधी उरकतो. बी. प्लॅन चार वर्षांचं. जेईई मेनचा पेपर २बी द्यावा लागतो. त्यात गणित, अ‍ॅप्टिट्यूड आणि प्लॅनिंगवरचे प्रश्न असतात. चित्रकला २एला, म्हणजे आर्किटेक्चरवाल्यांना. दिल्ली, भोपाळ किंवा विजयवाड्याच्या एसपीएत (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) नंबर लागला तर डोळे झाकून जा. नाही लागला तर नुसत्या नावावर भुलून कुठेही फी भरू नकोस. सिव्हिल कर, गेट दे, मग दोन वर्षांचं एम. प्लॅन. एमपीएससीच्या सहायक नगर रचनाकाराच्या परीक्षेला सिव्हिलची पदवीही चालते, त्यामुळे वाट बंद होत नाही.

आता खरं शिक्षण. आपल्या कोल्हापूरचीच हद्दवाढ घे. महापालिका १९७२ ला झाली, हद्द मात्र तिथेच अडकली. पाचगाव, उचगाव, कळंब्याकडे वस्ती शहरासारखी वाढली, कारभार ग्रामपंचायतीचा. गावकऱ्यांना वाढीव घरफाळ्याची आणि शेतावर आरक्षण पडण्याची (म्हणजे आराखड्यात ती जागा बाग, रस्ता अशा सार्वजनिक कामाला राखून ठेवली जाण्याची) धास्ती. मधला मार्ग म्हणून २०१७ ला ४२ गावांसाठी वेगळं नागरी विकास प्राधिकरण आलं. वाद काही मिटला नाही. ही धास्ती वेडेपणाची नव्हे. १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना) कायद्यात आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक ‘जागा घ्या नाहीतर सोडा’ अशी नोटीस देऊ शकतो. म्हणजे दहा वर्षं तो शेतकरी लटकलेलाच! स्टुडिओत, म्हणजे आराखडे काढायच्या तासाला, असल्या जागेवर बाग दाखवणाऱ्या पोराला चांगले सर पहिला प्रश्न विचारतात, पैसे कोण देणार?

पूररेषाही, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी नकाशावरची रेषा, तशीच. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. लोक समजतात, एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निवांत. तसं नसतं, त्या पातळीच्या पुराची शक्यता दर वर्षी एक टक्का, मागच्या वर्षी आला असला तरी. २००५, २०१९, २०२१ आपण बघितलंच. मग निळ्या रेषेच्या आत ज्याचा प्लॉट आहे त्याला काय सांगायचं? तिथे हायड्रॉलॉजी (पाण्याचं शास्त्र), कायदा आणि राजकारण एकाच कागदावर येतं. (आर्किटेक्ट मित्र चिडतील, पण सुंदर इमारती काढायची हौस असेल तर तू या कोर्सला वैतागशील.)

फॉर्म भरायच्या आधी शहराचा विकास आराखडा मिळवून तुमची पेठ शोध. नकाशात पिवळा रंग रहिवासी भागाचा, हिरवा शेतीचा. जिथे हिरव्यात घरं उभी दिसतील तिथे जाऊन दोन माणसांशी बोल. ती चौकशी करायला मजा आली तर २बी दे.