कॅल्क्युलसमधली 'सी' आणि ट्रान्स्फरचा अर्ज

प्रश्न : मी अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं कॉलेज) दुसऱ्या वर्षाला आहे, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. पहिल्या वर्षी ३० क्रेडिट झाले, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ४ पैकी ३.८ होता. मार्चमध्ये चार वर्षांच्या विद्यापीठांत मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी ट्रान्स्फरचे अर्ज करायचे आहेत. आत्ताच्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि कॅल्क्युलस टूमध्ये 'सी' मिळाली. बाकी सगळीकडे 'ए' आहे. काही मोठं कारण नाही. कॅम्पसवरच्या कामाचे तास वाढवले होते, मध्यावर सीरिजचा (अनंत श्रेणींचा) भाग आला तेव्हा मागे पडले आणि ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांच्या शंका विचारण्याच्या वेळेत, जायची लाज वाटली. हा विषय अर्जात न दाखवता चालेल का? पुन्हा घेऊ का? अर्जासोबतच्या एसेमध्ये (निबंधात) कारण लिहू का? घरी अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : काही मोठं कारण नाही, असं तू सरळ लिहिलंस ते मला फार आवडलं. जिला स्वतःचं नेमकं काय चुकलं हे सांगता येतं, तिला ते दुरुस्तही करता येतं.

आधी हिशेब करू, कारण निकाल पाहिल्यावर मनात जो आकडा येतो तो खऱ्या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा वाईट असतो. दर क्रेडिटला 'ए'चे ४ गुण, 'सी'चे २. तुझे ३० क्रेडिट ३.८ ने, म्हणजे ११४ गुण. या सेमिस्टरला ११ क्रेडिट 'ए'चे, त्यांचे ४४. कॅल्क्युलसच्या ४ क्रेडिटना 'सी'चे ८. एकूण १६६ भागिले ४५, म्हणजे साधारण ३.६९. तिथेही 'ए' असती तर ३.८७ झाला असता. ०.१८ चा हा फरक आहेच, मी तो नाकारत नाही. पण ३.६९ घेऊन इंजिनिअरिंगला अर्ज करणारी मुलगी रांगेबाहेर फेकली जात नाही.

माझी खरी काळजी जीपीएची नाहीच, विषयाची आहे. हीच 'सी' इतिहासात किंवा संगीतात असती तर मी तुला दोन ओळींत निरोप दिला असता. मेकॅनिकलसाठी कॅल्क्युलस टू हा पायाचा विषय. निवड करणारे लोक एकूण जीपीए बघतात आणि मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, लागणारे विषय वेगळे काढूनही बघतात. काही ठिकाणी या विषयांत 'सी' पुरते, काही ठिकाणी 'बी' लागते, काही विद्यापीठं गणित-विज्ञानाचा जीपीए वेगळा काढतात. म्हणून या आठवड्यात एक काम कर. तुझ्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मेकॅनिकलच्या ट्रान्स्फर विद्यार्थ्यांसाठीच्या अटी शोध आणि कॅल्क्युलस टूपुढे किमान कोणती ग्रेड लिहिली आहे ते वहीत उतरव. स्पष्ट नसेल तर त्यांच्या ट्रान्स्फर ॲडमिशन विभागाला ईमेल कर. तुझ्या कॉलेजचा त्या विद्यापीठाशी ट्रान्स्फरचा करार असेल तर त्यातल्या अटीही वाच. हे तुझ्या ॲडव्हायजरसोबत बसून केलंस तर अधिक चांगलं. एखाद्या ठिकाणी 'बी' सक्तीची असेल तर ते आज कळणं बरं, मे महिन्यात नव्हे.

लपवण्याचा विचार मात्र इथेच सोड. प्रत्येक कॉलेजचं पूर्ण ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या विषयांची गुणपत्रिका) द्यावंच लागतं आणि त्यातला एखादा विषय गाळता येत नाही. माहिती दडवल्याचं उघड झालं तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि परदेशी विद्यार्थिनीसाठी त्याचे परिणाम प्रवेशापुरते राहत नाहीत.

पुन्हा घेण्याचं म्हणशील, तर 'सी' किंवा त्याहून चांगली ग्रेड असलेला विषय अनेक कॉलेजं पुन्हा घेऊच देत नाहीत. तुझ्या कॉलेजने दिला तरी त्यांनी जुनी ग्रेड मोजणीतून काढली म्हणून नवं विद्यापीठही काढेल असं नाही. काही विद्यापीठं दोन्ही ग्रेड धरतात. त्यातून एक सेमिस्टर जातं आणि पुढचा विषय मागे पडतो. एखाद्या विद्यापीठाला 'बी' लागतेच, ते तुझ्या मनातलं पहिलं विद्यापीठ आहे आणि दोन्ही संस्थांचे नियम परवानगी देतात, एवढं सगळं जुळलं तरच पुन्हा घे. नाहीतर कॅल्क्युलस थ्री घे आणि तिथे चांगली ग्रेड मिळव. पुढच्या पायरीवरची 'ए' ही मागच्या पायरीवरच्या दुसऱ्या 'ए'पेक्षा जास्त बोलते.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लांबवते आहे त्याकडे येते. ट्रान्स्फर झाल्यावर बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत क्रेडिट सोबत येतात, पण जुन्या ग्रेड नव्या जीपीएत धरल्या जात नाहीत. तिथे तुझा जीपीए कोरा सुरू होईल. मुलं हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकतात आणि इथेच फसतात, कारण गणित कोरं सुरू होत नाही. डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये पहिल्या आठवड्यांपासून इंटिग्रेशनच्या त्याच पद्धती लागतात, पार्शल फ्रॅक्शन्स तर लाप्लास ट्रान्सफॉर्म उलटा काढताना पानोपानी येतात. टेलर सीरिज न्यूमरिकल मेथड्समध्ये आणि कंपनांच्या अभ्यासात पुन्हा समोर उभी राहते. तू जिथे मागे पडलीस तोच भाग पुढे तीनदा भेटणार आहे. ट्रान्स्फरनंतरच्या पहिल्या सेमिस्टरला विद्यार्थ्यांचे ग्रेड घसरतात, हे जॉन हिल्स यांनी १९६५ साली 'ट्रान्स्फर शॉक' या नावाने मांडलं आणि त्यानंतर त्यावर बरंच संशोधन झालं आहे. नवी जागा, मोठे वर्ग, वेगळी परीक्षापद्धत. त्या घसरणीत कच्चा पायाही सोबत नेलास तर फार जड जाईल.

म्हणून सुट्टीत सगळं पुस्तक उघडू नकोस. फक्त चार गोष्टी घे : इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स, सीरिज कन्व्हर्ज होते की नाही ते ओळखण्याच्या चाचण्या आणि टेलर सीरिज. सोडवलेली उदाहरणं वाचून समजल्यासारखं वाटतं, त्यावर विश्वास ठेवू नकोस. उत्तर झाकून, कोऱ्या कागदावर, वेळ लावून सोडव. सीरिजच्या बाबतीत तर उदाहरण पाहिल्याबरोबर कोणती चाचणी लावायची हे ठरवण्याचाच वेगळा सराव कर. पूर्ण न सोडवता फक्त चाचणीचं नाव आणि ती का, एवढंच लिही. बहुतेक मुलं तिथेच अडखळतात, आकडेमोडीत नाही.

आणि प्रोफेसरांना भेट. ज्या दारापाशी लाज वाटली तिथेच जायला सांगते आहे, हे मला ठाऊक आहे. पण ग्रेड वाढवून मागायला जाऊ नकोस. बेरीज चुकली असेल, एखादा गृहपाठ नोंदवायचा राहिला असेल किंवा सिलॅबसमध्ये लिहिलेल्या टक्केवारीपेक्षा वेगळी मोजणी झाली असेल, तरच ग्रेड बदलण्याचा अर्ज टिकतो, आणि त्यालाही मुदत असते. त्यासाठी आधी स्वतः सगळे गुण जुळवून बघ. ते बरोबर असतील तर ईमेलमध्ये एवढंच लिही : 'ग्रेडबद्दल माझी तक्रार नाही. पुढच्या सेमिस्टरला मी कॅल्क्युलस थ्री घेते आहे. त्याआधी अंतिम परीक्षेचा माझा पेपर आपल्यासमोर बसून बघता येईल का? माझी चूक समजण्यात होते की मांडण्यात, ते मला कळून घ्यायचं आहे.' असा ईमेल आला की शिकवणाऱ्या माणसाला आनंद होतो. शिफारसपत्र मात्र यांच्याकडे आत्ता मागू नकोस. जिथे 'ए' आहे आणि जिथे तू वर्गात बोलतेस, त्या भौतिकशास्त्राच्या किंवा इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांकडे माग.

एसेचं उत्तर सोपं आहे. मुख्य एसेत या ग्रेडला जागा देऊ नकोस. तो एसे तुला मेकॅनिकल का करायचं आहे आणि तेच विद्यापीठ का, यासाठी आहे. अतिरिक्त माहितीचा रकाना असेल तर तिथे दोन-तीन वाक्यं पुरे : 'या सेमिस्टरला कामाचे तास वाढवल्यामुळे कॅल्क्युलस टूमध्ये मी मागे पडले आणि मदत वेळेवर मागितली नाही. तास कमी केले आहेत, प्रोफेसरांसोबत पेपर तपासला आहे आणि सध्या कॅल्क्युलस थ्री घेते आहे.' इतकंच. आजारपण, घरची अडचण असं नसलेलं काहीही जोडू नकोस. आणि जे केल्याचं लिहिशील ते अर्ज पाठवण्याआधी खरोखर केलेलं असू दे.

कामाबद्दल तर मी ठामपणे सांगेन. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण ती मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नाही. पुढच्या सेमिस्टरला निम्मे तास ठेव. विषयांचा भार हलका करायचा असेल तर १२ क्रेडिटच्या खाली जाऊ नकोस. एफ-१ वर पूर्णवेळ राहावं लागतं, आणि एखादा विषय सोडायची वेळ आलीच तर सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचार, नंतर नाही. काही विद्यापीठं अर्जासोबत मिड-टर्म रिपोर्ट मागवतात, म्हणजे चालू विषयांतल्या तेव्हापर्यंतच्या ग्रेड. तुझ्यासाठी ही संधी आहे, त्यामुळे कॅल्क्युलस थ्रीचे पहिले सहा-सात आठवडे सगळ्यात जास्त जीव लावून कर. प्रवेश मिळाल्यावरही ढिलाई नको. अंतिम ट्रान्स्क्रिप्ट तपासलं जातं आणि ग्रेड कोसळल्या तर प्रवेश मागे घेतला जाऊ शकतो.

राहिलं घरचं. अर्ज भरण्याआधी आई-बाबांना सांग, कारण हा पैशाचाही प्रश्न आहे. ट्रान्स्फर विद्यार्थ्यांच्या काही शिष्यवृत्त्यांना जीपीएची किमान अट असते, आणि ३.८ धरून केलेला खर्चाचा अंदाज ३.६९ ला बदलू शकतो. फोन करण्याआधी प्रत्येक विद्यापीठापुढे तीन गोष्टी लिहून ठेव : कॅल्क्युलसची अट, शिष्यवृत्तीची अट, ती न मिळाल्यास वर्षाचा खर्च. यादीत निदान दोन विद्यापीठं अशी हवीत जिथे तुझ्या आजच्या ग्रेडवर प्रवेशाची चांगली शक्यता आहे आणि शिष्यवृत्तीशिवायचा खर्चही घरच्यांना झेपेल. तशी नसतील तर ती आत्ता शोध, मुदत संपायला अजून वेळ आहे.